लाकडी हाय-पॉवर रॉकेट: रेषा ओळखण्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत

माझं पहिलं लाकडी रॉकेट सरळ वर गेलं, पॅराशूट उघडलं, रॉकेट हातात परत आलं आणि तरीही मी लेव्हल वनच्या, म्हणजे हाय-पॉवर रॉकेट उडवण्याच्या पहिल्या प्रमाणपत्राच्या, चाचणीत नापास झालो. नळीच्या तोंडापासून खाली वीतभर चीर गेली होती. बांबू उभा फाटावा तशी, लाकडाच्या रेषेवरून सरळ. तपासणाऱ्यांनी नळी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हे आत्ता पुन्हा उडवता येईल का?" उत्तर मलाही माहीत होतं.

त्या चिरेनं मला जे शिकवलं तेच या लेखात सगळीकडे येईल. लाकूड हलकं असतं, ताठ असतं, सुतारकामाच्या साध्या हत्यारांनी वाकवता-घासता येतं. पण ते फाटतं ते नेहमी रेषेच्या दिशेनं. रॉकेटच्या प्रत्येक भागात रेषा कुठे धावते आहे हे ठरवूनच करवत हातात घ्या. बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

१. आधी नियम आणि मोटरची अक्षरं

रॉकेट मोटरना त्यांच्या एकूण आवेगावरून (सरासरी जोर गुणिले जळण्याचा वेळ) अक्षरं दिलेली असतात आणि प्रत्येक पुढचं अक्षर म्हणजे मागच्याच्या दुप्पट मर्यादा. 'जी' (G) मोटर १६० न्यूटन-सेकंदांपर्यंत, 'एच' (H) ३२० पर्यंत, 'आय' (I) ६४० पर्यंत, 'जे' (J) १२८० पर्यंत. एचपासून पुढे हाय-पॉवर सुरू होतं. रॉकेटचं वजन १५०० ग्रॅमच्या वर गेलं किंवा एका मोटरमध्ये १२५ ग्रॅमपेक्षा जास्त इंधन असलं, तरीही ते हाय-पॉवरच धरतात.

मोटरवर 'एच १२८' असं लिहिलं असेल तर १२८ हा सरासरी जोर, न्यूटनमध्ये. एच म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद, म्हणजे ही मोटर सव्वा ते अडीच सेकंदांच्या दरम्यान जळेल हे तिथल्या तिथे कळतं. शेवटी आणखी एक आकडा असतो तो डिलेचा: इंधन जळून संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणारा चार्ज पेटेल.

अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन या दोन संस्थांची तीन पायऱ्यांची पद्धत या छंदात सर्वांत जास्त चालते. लेव्हल वनला एच आणि आय, लेव्हल टूला जे, के, एल आणि त्यासाठी लेखी परीक्षा, लेव्हल थ्रीला त्यापुढच्या मोटर. लेव्हल वनसाठी वय १८ पूर्ण लागतं, रॉकेट स्वतः बांधलेलं लागतं आणि ते साक्षीदारासमोर उडवून सुस्थितीत परत आणावं लागतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. मोटर तयार, प्रमाणित आणि कारखान्यातलीच घ्यायची. घरी इंधन बनवणं हा या छंदाचा भाग नाही. या मोटर, त्यांची वाहतूक आणि आकाशाचा वापर यांवर प्रत्येक देशाचे वेगळे कायदे आहेत. तुमच्या इथे परवानगी मिळालेलं मैदान आणि क्लब नसेल, तर रॉकेट बांधा, संगणकावर उडवा, पण मोटर मागवू नका.

२. आराखडा आणि एक छोटं गणित

ओपनरॉकेट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात आराखडा काढा. ते दोन बिंदू दाखवतं: गुरुत्वमध्य (जिथे रॉकेट तोललं जातं) आणि दाबमध्य (जिथे हवेचा सगळा दाब एकवटतो). गुरुत्वमध्य पुढे, नाकाच्या बाजूला हवा आणि दाबमध्य त्याच्या मागे, किमान नळीच्या एका व्यासाइतका. ७५ मिलिमीटरची नळी असेल तर हे अंतर ७५ ते १५० मिलिमीटरमध्ये ठेवा. कमी ठेवलं तर रॉकेट गटांगळ्या खातं. फार जास्त ठेवलं तर ते वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि वर जाण्याऐवजी तिरकं धावतं.

लाकडाचा फसवेपणा इथूनच सुरू होतो. सॉफ्टवेअर बाल्साची (एक अतिशय हलकं लाकूड) एक सरासरी घनता धरतं. प्रत्यक्षात एकाच मापाचे दोन बाल्साचे ठोकळे तराजूवर ठेवा, एक दुसऱ्याच्या दीडपट, कधी दुप्पटही भरतो. म्हणून प्रत्येक भाग तयार झाला की वजन करा आणि सॉफ्टवेअरमधला आकडा खोडून खरा आकडा भरा.

आता जोर. सुरक्षा नियम सांगतात की रॉकेटचं वजन सरासरी जोराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. अनुभवी लोक तिप्पट नव्हे, पाचपट जोर मागतात. ते का, ते पाहा. पाचपट जोर म्हणजे गुरुत्व वजा जाता गुरुत्वाच्या चारपट त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेग सुमारे ३९ मीटर प्रति सेकंदाने वाढतो. २.४ मीटरची रेल (रॉकेटला सुरुवातीला सरळ धरणारा उभा खांब) सोडताना वेग सेकंदाला १३.७ मीटर होतो. तिप्पट जोरावर तोच वेग ९.७ मीटरच भरतो. फिनना (शेपटीच्या पंखांना) वाऱ्यावर पकड घेण्यासाठी साधारण १३ ते १५ मीटरचा वेग लागतो, त्याआधी रेल सुटली तर रॉकेट कुठल्याही बाजूला कलू शकतं. माझं रॉकेट मोटरसकट १.५ किलोचं, म्हणजे १४.७ न्यूटन. एच १२८ त्याला साडेआठपटीहून जास्त जोर देते, म्हणून ती निवडली.

३. सामान

- बर्च व्हिनियर (लाकडाचा पातळ पत्रा), ०.६ मिलिमीटर जाडीचं
- बर्चचा एअरक्राफ्ट प्लाय: फिनसाठी ४ मिलिमीटर, रिंग आणि बल्कहेडसाठी (नळी बंद करणारी चकती) ६ मिलिमीटर
- नोज कोनसाठी (रॉकेटचं निमुळतं नाक) बाल्सा किंवा बासवूडचे ठोकळे
- लाकडाचा पिवळा ग्लू, सावकाश सुकणारं इपॉक्सी, पातळ सायनो ग्लू (झटपट चिकटणारा)
- ३८ मिलिमीटर मोटर माउंटची (मोटर बसते ती आतली) नळी, २९ मिलिमीटरचा अडॅप्टर, मोटर रिटेनर (मोटर मागून निसटू न देणारी पकड)
- केव्हलरची शॉक कॉर्ड (नळी, नोज कोन आणि पॅराशूट जोडणारी मजबूत दोरी), पॅराशूट, आगरोधक कापडाचा चौकोन, आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला)
- रेल बटणं दोन (रेलच्या खाचेत सरकणारी)
- रंधा, बारीक दातांची करवत, गुण्या, पॉलिश पेपर, ग्रॅमपर्यंत अचूक तराजू

लाकडाच्या धुळीसाठी आणि ग्लूच्या वासासाठी मास्क आणि हातमोजे हवेतच. इपॉक्सी वारंवार कातडीला लागलं की अॅलर्जी होते आणि एकदा झाली की जात नाही.

४. नळी गुंडाळणं

तयार कागदी नळी घेऊन फक्त फिन लाकडी करता येतात आणि पुष्कळ जण तेच करतात. पण पूर्ण लाकडी रॉकेटचं खरं काम नळीत आहे, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

साचा म्हणून ७१ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा सरळ पाइप घ्या. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद घट्ट गुंडाळा, नाहीतर नळी साच्यालाच चिकटेल आणि निघणार नाही. व्हिनियरचे तीन थर चढवायचे आहेत. तिन्ही थरांना एकाच मापाचे पत्रे कापणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. प्रत्येक थराने व्यास १.२ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे परीघ जवळजवळ ४ मिलिमीटरने. आतला पत्रा बरोबर बसला तर त्याच मापाचा मधला पत्रा ४ मिलिमीटर कमी पडतो आणि बाहेरचा ८. त्यामुळे पुढचा पत्रा आधीच्या सुकलेल्या थरावर कागद गुंडाळून, माप घेऊनच कापा.

आता रेषा. आतल्या आणि बाहेरच्या थरात रेषा नळीच्या लांबीला समांतर ठेवा. व्हिनियर तसंच सहज वळतं आणि नळीला ताठपणा तिथूनच येतो. पण तिन्ही थर असेच लावले तर नळी म्हणजे फाटायला तयार असलेला बांबू. माझी नळी तशीच होती. मधल्या थराची रेषा ४५ अंशांत तिरकी हवी. तिरकं व्हिनियर वळताना तडकतं, म्हणून ते कोमट पाण्यात भिजवून, ओलं असतानाच ग्लूशिवाय साच्यावर गुंडाळा, पट्टीनं आवळा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी ते आपणहून गोल राहतं. मग ग्लू लावा.

प्रत्येक थराचा सांधा टोकाला टोक भिडवून करा आणि तीन सांधे परिघावर एकमेकांपासून १२० अंशांवर ठेवा. ग्लू पातळ आणि सगळीकडे सारखा पसरवा. रबराची रुंद पट्टी एका टोकापासून आवळत न्या, तिच्या पुढे ग्लूचे बारीक थेंब सांध्यातून बाहेर येताना दिसले पाहिजेत. जिथे दिसत नाहीत तिथे ग्लू पोचलेला नाही. एक थर, मग पूर्ण एक दिवस थांबणं, मग पुढचा. घाई केली तर आतला ओलावा अडकतो आणि नळी आठवड्याभरात केळ्यासारखी वाकते.

सुकल्यावर नळीच्या वरच्या तोंडाला, आतून-बाहेरून दोन सेंटिमीटरपर्यंत, पातळ सायनो ग्लू पाजा. लाकूड तो पिऊन घेतं आणि कडा शिंगासारखी कडक होते. शॉक कॉर्ड हिसका देते ती याच कडेवर.

५. फिन

तीन फिन पुरतात. आकार साधा ठेवा आणि मागचं टोक नळीच्या मागे जाऊ देऊ नका, जमिनीवर उतरताना तेच आधी आपटतं.

प्लायमध्ये थर आडवे-उभे असतात, तरी बाहेरच्या थराची रेषा महत्त्वाची. ती फिनच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा. ती नळीला समांतर ठेवली तर फिन मुळाशीच वाकतं आणि तिथेच मोडतं. हाताने तपासता येतं: कापलेल्या तुकड्याचं मूळ टेबलाच्या कडेवर दाबा आणि टोक अंगठ्याने वाकवा. चुकीच्या दिशेचा तुकडा लगेच लवचिक लागतो.

तिन्ही फिन एकत्र टेपने बांधून एकदमच घासा, म्हणजे सारखी होतात. फिनना नळीच्या आत जाणारी जीभ ठेवा, ती मोटर माउंटला जाऊन टेकली पाहिजे. नळीचा परीघ साधारण २३५ मिलिमीटर आहे, म्हणजे खाचा ७८ मिलिमीटरवर येतात. मोजपट्टीने मोजत बसण्यापेक्षा कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून तिला तीन घड्या घाला, ते जास्त अचूक येतं. उभी रेघ मारायला अॅल्युमिनियमची काटकोनी पट्टी नळीवर ठेवा. ती आपोआप अक्षाला समांतर बसते.

६. मोटर माउंट: क्रम चुकवू नका

मोटर माउंटच्या नळीवर पुढची आणि मधली सेंटरिंग रिंग (माउंट मोठ्या नळीच्या मध्यभागी धरणारी कडी) इपॉक्सीने बसवा. पुढच्या रिंगला आय बोल्ट आणि त्याला शॉक कॉर्ड आत्ताच बांधा, नंतर हात पोचत नाही. मग माउंट नळीत सरकवा.

इथे पिवळा ग्लू वापरू नका. लाकूड त्यातलं पाणी शोषतं, ग्लू मध्येच पकड घेतो आणि माउंट अर्ध्यावर अडकतं. ना पुढे, ना मागे. सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीत तुम्हाला जुळवायला वेळ मिळतो. शिवाय मोटर जळल्यावर तिचं आवरण चांगलंच तापतं आणि लाकडाचा ग्लू उष्णतेनं मऊ पडतो.

त्यानंतर फिन खाचांतून घाला, पुठ्ठ्याचा १२० अंशांचा साचा लावून सरळ करा आणि मागच्या उघड्या बाजूने आतल्या सगळ्या सांध्यांना इपॉक्सीचा गोलवा (कोपऱ्यातला गोलसर भराव) द्या. ते सुकल्यावरच मागची रिंग बसवा. ती आधी बसवली की आतले सांधे कायमचे बंद. शेवटी बाहेरचे गोलवे द्या आणि रिटेनर लावा. रिटेनर नसेल तर चार्ज पेटल्यावर पॅराशूट आतच राहतं आणि मोटर मागून निघून जाते.

प्लायच्या कापलेल्या कडा ग्लू पितात. त्यांना आधी एक पातळ हात देऊन अर्धा तास सुकू द्या, मग दुसरा हात लावून जोडा. या एका सवयीने माझे सांधे तुटायचे थांबले.

७. नोज कोन

बाल्साचे ठोकळे रेषा उभ्या ठेवून चिकटवा आणि लेथवर कातून घ्या. मधून एक लाकडी दांडा आरपार जाऊ द्या, आय बोल्टला आधार त्याचा. बाल्सा आपटल्यावर दबतो आणि धक्का पिऊन टाकतो. १९६२ साली नासाने रेंजर मोहिमेत चंद्रावर उतरवायच्या उपकरणाभोवती बाल्साचं कवच बसवलं होतं, ते याच गुणासाठी. टोकाला मात्र कडक लाकडाचं बोंड लावा, नाहीतर पहिल्याच उड्डाणानंतर ते चपटं होतं.

कोनचा जो भाग नळीत जातो त्या खांद्याकडे लक्ष द्या. घरी तो अलगद बसतो. पहाटे मैदानावर दव असतं, लाकूड फुगतं आणि तोच कोन इतका घट्ट होतो की दोन्ही हातांनी ओढून निघत नाही. चार्जला तो निघाला नाही तर रॉकेट नाक खाली करून जमिनीत शिरतं. खांद्याला आणि नळीच्या आतल्या बाजूला इपॉक्सीचा पातळ थर देऊन गुळगुळीत घासा आणि मैदानावर पोचल्यावर पुन्हा तपासा. कोन धरून रॉकेट उचललं तर सुटायला नको, पण हलका झटका दिला की निघायला हवं. सैल असेल तर खांद्यावर मास्किंग टेप गुंडाळा.

नळीत खांद्याच्या खाली ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा या भोकातून निघून जाते. नाहीतर तीच कोन वेळेआधी ढकलून देते.

८. पॅराशूट आणि डिले

सेकंदाला साडेपाच मीटर वेगानं उतरणं लाकडाला मानवतं. इंधन जळल्यावर १.४ किलो उरणाऱ्या रॉकेटला सपाट गोल कापडाचं पॅराशूट साधारण १.१ मीटर व्यासाचं लागतं. मोठं लावण्याचा मोह होतो, पण वाऱ्याचा हिशोब करा. ४०० मीटरवरून उतरायला ७३ सेकंद लागतात. ताशी १८ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ५ मीटर, आणि रॉकेट ३६५ मीटर लांब जाऊन पडतं.

शॉक कॉर्ड रॉकेटच्या लांबीच्या किमान तिप्पट ठेवा. आखूड असली की सगळा हिसका नळीच्या कडेवर येतो.

माझ्या चिरेमागे दोन कारणं होती. एक रेषेचं, ते सांगितलं. दुसरं डिलेचं. सॉफ्टवेअरमध्ये मी वजन अंदाजे भरलं होतं, म्हणून निवडलेला डिले दोन सेकंद जास्त निघाला. रॉकेट शिखर ओलांडून खाली वेग घेत होतं तेव्हा पॅराशूट उघडलं. दोन सेकंदांत वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास पोचतो आणि तेवढ्या वेगात ताणलेली दोरी लाकूड करवतीसारखं कापत जाते. खरं वजन भरून शिखराची वेळ काढा. डिले लांब असेल तर उत्पादकाच्या हत्याराने, त्याच्या सूचनेप्रमाणेच कमी करा.

९. शेवटचा हात

फिनच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी सीलर द्या. फिनच्या एकाच बाजूला दिला तर ते वाळताना वाकतं. रंग मोजका वापरा, त्याचं बरंचसं वजन शेपटीकडे जमतं आणि गुरुत्वमध्य मागे खेचतं. मी फक्त पारदर्शक वार्निश देतो, रेषा दिसत राहतात आणि नवी चीर आली तर लगेच सापडते.

रेल बटणं नळीच्या आत चिकटवलेल्या लाकडी ठोकळ्यात स्क्रूने बसवा, एक शेपटीजवळ, दुसरं गुरुत्वमध्याजवळ. मग मोटर आणि पॅराशूट घालून रॉकेट दोरीवर तोला. जिथे तोललं जातं तिथे आणि सॉफ्टवेअरने दिलेल्या दाबमध्यावर खुणा करा. तपासणारे आधी तिकडेच पाहतात.

१०. मैदानावर

सोबत न्यायची कागदपत्रं:

- सदस्यत्वाचं कार्ड आणि वयाचा पुरावा
- प्रमाणपत्राचा अर्ज, नाव-पत्ता आधीच भरलेला
- आराखडा आणि ओपनरॉकेटचा छापील निकाल
- मोटरसोबत आलेलं सूचनापत्रक
- वजनांची यादी

मोटर पहिल्यांदाच जुळवत असाल तर अनुभवी माणसाला शेजारी बसवा आणि सूचनापत्रकातली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. पाठ आहे म्हणून भराभर करणाऱ्यांचीच ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी) बसवायची राहते.

रॉकेट रेलवर चढवा, रेल उभी करा आणि मगच इग्नायटर (विजेने मोटर पेटवणारी काडी) मोटरमध्ये घाला. इग्नायटरला विजेच्या क्लिपा लावण्याआधी त्या एकमेकींना टेकवून ठिणगी येत नाही ना ते पाहा. रेल उभ्यापासून २० अंशांपेक्षा जास्त कलवायची नाही. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर असेल तर उडवायचं नाही. लाकडी रॉकेट अंगाने मोठं आणि हलकं असल्याने मी २० लाच थांबतो. एच, आय, जे मोटरसाठी माणसं किमान ३० मीटर लांब हवीत.

बटण दाबूनही पेटलं नाही, तर सुरक्षा किल्ली काढा आणि पूर्ण ६० सेकंद थांबा. घड्याळ पाहून थांबा, मनात मोजू नका. त्या वेळी मिनिट फार लांब वाटतं आणि पाय आपोआप रेलकडे वळतात.

११. परत मिळाल्यावर

रॉकेट पडलं तसंच ठेवून आधी फोटो काढा. चार्ज पेटलेला आहे याची खात्री करून मगच उचला. मग तपासणाऱ्यांकडे न्या, काहीही पुसू नका, सोडवू नका.

घरी आल्यावर मोटरचं आवरण त्याच दिवशी धुवा, काजळी सुकली की घट्ट बसते. प्रत्येक फिनवर मुळाजवळ बोटाच्या पेराने टकटक करा. घट्ट सांधा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. नळीच्या तोंडाशी नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे चीर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. तिच्यात पातळ सायनो सोडा, पट्टीने आवळा आणि पुढचं उड्डाण दुसऱ्या दिवसावर ठेवा. माझ्या दुसऱ्या नळीचं तोंड मी प्रत्येक उड्डाणानंतर असंच तपासतो. अजून नख कुठे अडकलेलं नाही.